वाचून दाखवा, मग सही

1 नोव्हेंबर हा दिवस आमच्या बेळगावात काळा दिन म्हणून पाळतात. 1956 साली याच तारखेला राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि चंदगड तालुका तेवढा वगळून मुंबई राज्यातला सगळा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला. दंडाला काळ्या फिती, मूक सायकल फेरी, बंद दुकानं हे सगळं मी लहानपणापासून बघत आले आहे. पण त्याच तारखेला भारताच्या राज्यघटनेत दोन नवी कलमं आली, 350 अ आणि 350 ब. सातव्या घटनादुरुस्तीनं आलेली ही कलमं, ज्यांचं राज्य एकीकडे आणि भाषा दुसरीकडे पडली, अशा लोकांसाठी लिहिलेली होती. म्हणजे आमच्यासाठीच. फेरीनंतरच्या सभांमधून मी इतकी भाषणं ऐकली, त्यांत या कलमांचा उल्लेख फारच क्वचित कानावर आला.

आपल्याकडं घटनादुरुस्ती म्हणजे वकिलांचा आणि दिल्लीचा विषय असं धरून चालतात. आमच्या घरातल्या बायकांच्या आयुष्यात मात्र या दुरुस्त्या अगदी स्वयंपाकघरापर्यंत आल्या. काही आल्या, काही उंबऱ्याबाहेरच राहिल्या. कुठली आत आली आणि कुठली का आली नाही, हे मला नीट मांडायचं आहे, कारण सीमाभागात आम्ही मोठ्या निकालाची वाट बघत बसलो आणि हातातल्या हक्कांकडं बघायचं राहून गेलं, असं माझं ठाम मत आहे.

माझी आजी शहापूरची. शहापूर आता बेळगावचाच भाग आहे, पण तेव्हा ते सांगली संस्थानात होतं. घरात हातमाग. ब्रिटिश हद्दीत 1935 च्या भारत सरकार कायद्यानं मत मिळालं होतं ते शेतसारा भरणाऱ्यांना, घर-मालमत्ता असणाऱ्यांना, ठरावीक शिक्षण झालेल्यांना. मागावर बसणाऱ्याच्या निरक्षर बायकोला त्या हिशेबात कुठंच जागा नव्हती, आणि शहापूर तर त्या कायद्याच्या हद्दीतही येत नव्हतं. संस्थान 1948 ला मुंबई राज्यात विलीन झालं, घटना आली, आणि कलम 326 नं एका ओळीत सांगून टाकलं की वयाची 21 वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला मत. शिक्षण, सारा, जात, बाई की पुरुष, काही विचारायचं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढं अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली होती. त्या साक्षीपासून या ओळीपर्यंत यायला तीस वर्षं लागली.

पहिल्या मतदार याद्या झाल्या तेव्हा देशात जवळजवळ 28 लाख बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं, आणि निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती नावं यादीतून वगळली. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांमधल्या. आजीनं आपलं नाव सांगितलं. 1952 ला तिनं मत दिलं तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. पडद्याआड ती एकटीच होती आणि आजोबांना आत येऊ दिलं नाही, ही गोष्ट ती शेवटपर्यंत सांगायची. तिच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं होतं ते हे.

1952 चं मत तिनं मुंबईच्या विधानसभेसाठी दिलं. 1957 चं मत म्हैसूरच्या विधानसभेसाठी. घर तेच, गल्ली तीच, माग तोच. मधल्या काळात तिला कुणी काही विचारलं नव्हतं. घटनेच्या कलम 3 प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेचा आहे. राज्यांच्या विधिमंडळांचं मत मागवायचं असतं, ते मानलंच पाहिजे असं नाही. पुनर्रचनेच्या तोंडावर, डिसेंबर 1955 मध्ये, पाचवी घटनादुरुस्ती झाली. राज्यांनी ठरवून दिलेल्या मुदतीत मत कळवावं, नाहीतर संसद पुढं जाईल, अशी ती तरतूद. काम अडून राहू नये हा हेतू मला समजतो. पण मत द्यायचा अधिकार नुकताच हाती आलेल्या बाईला आपलं गाव कुठल्या राज्यात असावं यावर मात्र मत नव्हतं, हेही तितकंच खरं. खेडं हा घटक धरून, भाषा आणि सलगता बघून निर्णय घ्या, ही आमच्या लोकांची मागणी त्यातूनच उभी राहिली. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल महाराष्ट्रानं नाकारला, 2004 मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तो अजून तिथं आहे. यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी इथं थांबते.

आता 350 अ. प्रत्येक राज्यानं आणि प्रत्येक स्थानिक संस्थेनं भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्यासाठी प्रयत्न करावेत, असं ते कलम म्हणतं. राष्ट्रपती त्यासाठी राज्याला निर्देश देऊ शकतात. 350 ब नं भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमायला सांगितलं. त्यानं चौकशी करायची, राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा, तो संसदेपुढं ठेवायचा. या अधिकाऱ्याचं एक विभागीय कार्यालय कित्येक वर्षं बेळगावातच होतं. गावोगावचे लोक तिथं अर्ज घेऊन जात. अर्ज घेतला जाई, अहवालात चार ओळी येत. हुकूम काढायचा अधिकार त्या खुर्चीला घटनेनंच दिलेला नाही. खुर्चीवरच्या माणसानं तरी काय करावं?

याच्या जोडीला केंद्रानं काही संरक्षणं मान्य केली होती. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं त्या भाषेची असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा, हे 1949 पासून ठरलेलं आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात पंधरा टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही काढायच्या. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांत मराठी बोलणारे पंधरा टक्क्यांच्या किती वर आहेत ते कुणालाही बाजारात उभं राहून कळेल. पण हे नियम घटनेच्या मजकुरात नाहीत, परिपत्रकात आहेत, आणि परिपत्रक न पाळणाऱ्याला जाब विचारणारा कुणी नाही. 1986 च्या जूनमध्ये प्राथमिक शाळांतल्या कन्नड सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात माणसं गेली, तेव्हा 350 अ घटनेत येऊन तीस वर्षं झाली होती. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी उभं राहिलं की माझ्या मनात दर वेळी हेच येतं. कलम होतं. माणसं गेली तेव्हाही होतं.

त्यानंतर तीन वर्षांतच एका वेगळ्या दुरुस्तीनं माझ्या हातात काहीतरी ठेवलं. 61 वी घटनादुरुस्ती 28 मार्च 1989 पासून लागू झाली आणि कलम 326 मधल्या एकवीसच्या जागी अठरा आलं. एका आकड्याचा बदल. मी एकोणीस वर्षांची होते, टिळकवाडीत कॉलेजला जात होते. त्या नोव्हेंबरात कर्नाटकात लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका बरोबरच झाल्या, म्हणून माझ्या पहिल्याच मतदानाला दोन मतपत्रिका मिळाल्या. माझ्या थोरल्या बहिणीला पहिलं मत द्यायला एकवीस उलटून जावे लागले होते, आणि तोवर तिचं लग्न होऊन नाव सासरच्या यादीत गेलं होतं. माझं पहिलं मत माहेरच्या नावानं पडलं. आमच्याकडं मुलींची लग्नं विसाव्या-एकविसाव्या वर्षी होत. तिथं अठरा आणि एकवीस यातलं अंतर फार मोठं होतं. किती मुलींनी बापाच्या घरात असताना, स्वतःच्या गल्लीतल्या शाळेत जाऊन मत दिलं, याचा हिशेब कुठं मांडलेला मी पाहिला नाही. मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

मताचा हक्क आम्ही सीमाभागात एका निराळ्या पद्धतीनंही वापरला आहे. 1996 च्या लोकसभेला बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून शेतकरी, दुकानदार, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी अर्ज भरले. अनामत रक्कम तेव्हा पाचशे रुपये होती. गावागावात वर्गणी काढून ती भरली गेली. लक्ष गेलंही. पण त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायदा बदलला, लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजारांवर गेली, आणि अपक्षाला एकाच्या ऐवजी दहा सूचक लागायला लागले. कारण एकटं बेळगाव नव्हतं. आंध्रातल्या नलगोंड्यात 480 जण उभे होते, तमिळनाडूत एका विधानसभा मतदारसंघात तर हजारावर. तरी आमचा त्यात वाटा आहे. मी त्या आंदोलनाच्या बाजूनं होते, आजही ते मला न्याय्य वाटतं. पण त्याचा परिणाम म्हणून ज्या गरीब माणसाला खरोखर निवडणूक लढवायची आहे त्याच्यासाठी दार अरुंद झालं, हेही आमच्या इतिहासात लिहिलं जायला हवं. आकडा हक्क देतो तसा हक्क काढूनही घेतो.

माझ्या मनातली सगळ्यात मोठी दुरुस्ती 73 वी. पंचायत राज घटनेत बसवायचा पहिला प्रयत्न 1989 मध्ये झाला, ते विधेयक राज्यसभेत थोडक्यात पडलं. पुढं 1992 मध्ये मंजूर होऊन 24 एप्रिल 1993 ला ती लागू झाली. आपल्या मराठी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. कर्नाटक यात आधीच पुढं होतं. रामकृष्ण हेगडे यांच्या सरकारात अब्दुल नझीर साब हे पंचायत राज मंत्री होते. गावोगावी बोअरवेल खोदल्या म्हणून लोक त्यांना नीरसाब म्हणत. त्यांच्या 1983 च्या कायद्यानं मंडल पंचायत आणि जिल्हा परिषदेत बायकांना पंचवीस टक्के जागा दिल्या आणि 1987 मध्ये त्याप्रमाणे निवडणुका झाल्या. राज्याबद्दल आमची तक्रार असेल, आहेच. पण ज्या राज्यात आम्हाला मनाविरुद्ध घातलं त्याच राज्यानं आमच्या बायकांना गावच्या चावडीत घटनादुरुस्तीच्या आधीच बसवलं, हे नाकारून कसं चालेल? 73 व्या दुरुस्तीनं देशभर एक तृतीयांश केलं, आणि 2010 पासून कर्नाटकात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या.

माझं सासर खानापूर तालुक्यातलं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिथून खाली उतरत आलं की भातशेतीच्या पट्ट्यात आमचं गाव. आमची थोरली जाऊ, तिला आम्ही अक्का म्हणतो, 2015 च्या निवडणुकीत वॉर्ड बायकांसाठी सुटला म्हणून मेंबर झाली. उभी राहिली ती दिराच्या आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून, हे मी लपवत नाही. पहिल्या वर्षी तिच्या वतीनं बोलायचे ते तिचे यजमान, आमचे भाऊजीच. हे चित्र सगळीकडं दिसतं आणि त्यावरून आरक्षणाला नावं ठेवणारेही सगळीकडं भेटतात. त्यांना मी दुसरं वर्ष बघायला सांगते.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याआधीच्या बैठकीला मी योगायोगानं गावात होते आणि अक्काबरोबर पंचायतीत गेले. भिंतीला लाकडी बाकडी, टेबलावर ठरावाची मोठी वही, बाहेर चपलांचा ढीग. चर्चा मराठीतून झाली, कारण गावच मराठी. वहीत लिहिलं गेलं कन्नडमधून. अक्काला कन्नड बोलता येतं, बाजारात घासाघीस करण्याइतकं चांगलं येतं, वाचता येत नाही. वही फिरत फिरत तिच्यापुढं आली. सगळ्यांच्या सह्या झालेल्या. तिनं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"साहेब, काय लिवलंय ते वाचून दाखवा की. मग करतो सही."

पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, विजापूरकडचे, वयानं तरुण. त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं की जे बोलणं झालं तेच लिहिलंय. भाऊजी दारातून हात करून सही कर म्हणून खुणावत होते. अक्का तिकडं बघितलीच नाही. "तेच असंल. पण वाचा." मग त्यांनी वाचलं. एकेक ओळ कन्नडमधून आणि मागून मराठीत. तीन ठराव जसे बोलले तसेच होते. चौथा, पाण्याच्या टाकीची जागा बदलण्याचा, ज्यावर एक शब्दही चर्चा झाली नव्हती. टाकी आमच्या वरच्या वाडीसाठी मंजूर झालेली, जिथं उन्हाळ्यात बायका उतार उतरून विहिरीवर जातात. पीडीओंचा त्यात काही हात होता असं मला वाटत नाही. कुणीतरी सांगितलं, लिहिलं गेलं. अक्कानं सही केली नाही. शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईनं आपली सही झाली होती तरी विचारलं, "मलाबी हे म्हाईत न्हवतं, आता काय करायचं?" चौथा ठराव त्या दिवशी पुढं ढकलला गेला, आणि ती मुदत संपेपर्यंत त्या पंचायतीत प्रत्येक ठराव सह्यांआधी मराठीतून वाचला जाऊ लागला.

मी हे पुन्हा पुन्हा आठवते. 350 अ आणि पंधरा टक्क्यांचं परिपत्रक साठ वर्षांत जे करू शकलं नाही, ते चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईनं दहा मिनिटांत करून घेतलं. तिच्या पाठीशी काय होतं? 73 वी दुरुस्ती. तिची जागा कुणाच्या मेहेरबानीची नव्हती, घटनेनं मोजून दिलेली होती. पाच वर्षं तिला तिथून कुणी सहजासहजी उठवू शकत नव्हतं. 350 अ मध्ये प्रयत्न करावेत असं आहे. 73 व्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 243 ड मध्ये बायकांच्या जागा एक तृतीयांशापेक्षा कमी नाहीत असं आहे. सगळा फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

आकडा असला तरी सगळ्यांच्या वाट्याला येतोच असंही नाही. अक्काच्याच गल्लीत एक सून आली, माहेर चंदगड तालुक्यातलं. अनुसूचित जातीतली, शिकलेली, बोलकी पोरगी. वॉर्ड अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी सुटला तेव्हा सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. तिच्याकडं जातीचा दाखला होता, पण महाराष्ट्राचा. कचेरीत सांगितलं, हा इथं चालत नाही. ते नियमाला धरूनच होतं. कलम 341 खाली अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक आहे, आणि एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1990 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. पण चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. तिच्या आजोबांची कोर्ट-कचेरी बेळगावला होती. सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच समाज, त्याच सोयरिकी, सोसावं लागलेलं तेच. आजही रोज मुली इकडच्या तिकडं आणि तिकडच्या इकडं नांदायला जातात, आणि रेघ ओलांडली की त्यांचा एक हक्क मागं राहतो. सीमाप्रश्नाच्या कुठल्याही ठरावात मी या मुलींचा उल्लेख वाचलेला नाही. तो यायला हवा, आणि पहिल्या पानावर यायला हवा.

शहराची गोष्ट वेगळी नाही. 74 व्या दुरुस्तीनं नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत दिली, आणि बरखास्त करायची तर आधी म्हणणं ऐकून घ्यायचं आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची असं बजावलं. बेळगाव महापालिकेनं 2005 मध्ये महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि सरकारनं सभागृहच बरखास्त केलं. पुढं 2019 मध्ये मुदत संपली, निवडणूक झाली 3 सप्टेंबर 2021 ला, आणि महापौर निवडला गेला फेब्रुवारी 2023 मध्ये. निवडून दिलेले नगरसेवक वर्षाहून जास्त काळ सभागृहाविना होते. त्या काळात गटार तुंबली, पाणी आलं नाही, तर अधिकाऱ्याकडं जायचं. त्यात मराठी-कन्नड असं काही नव्हतं. अनगोळच्या मराठी बाईचं आणि सदाशिवनगरच्या कन्नड बाईचं, दोघींचंही मत तेवढाच काळ बिनकामाचं पडून होतं. याविरुद्ध दोन्ही भाषांच्या लोकांनी मिळून फेरी काढायला हवी होती. निघाली नाही.

जिल्हा आणि तालुका पंचायतींचं तर त्याहून वाईट. कर्नाटकात त्यांच्या निवडणुका 2016 ला झाल्या, 2021 ला मुदत संपली, आणि मतदारसंघांची फेररचना, आरक्षणाचे घोळ, कोर्टाच्या तारखा यात त्या लांबतच गेल्या. पंचायतींच्या मुदतीबद्दलच्या कलम 243 ई मध्ये अगदी स्पष्ट लिहिलं आहे की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. अक्कानं मेंबरकी संपल्यावर तालुका पंचायतीला उभं राहायचं मनावर घेतलं होतं. भाऊजींनी नको म्हटलं तरी उभी राहणार होती. बचत गटातल्या बायकांनी खानापूरला जाऊन चौकशी केली, यादीत नावं तपासली, गल्लीतल्या नव्या अठरा वर्षांच्या मुलींचे अर्ज भरून दिले. आणि निवडणूकच नाही.

म्हणून अक्कानं आता वेगळं काम घेतलंय. कलम 350, जे घटनेत पहिल्यापासून आहे, त्याप्रमाणे कुठल्याही नागरिकाला केंद्र किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडं आपलं गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग गटातल्या बायका बसल्या आणि मराठीत एक अर्ज लिहिला. त्यात मागण्या तीन: ग्रामसभेची नोटीस कन्नडबरोबर मराठीतही लावावी, आमच्या शाळेत चाळीसवर मुलं आहेत तर मराठी शिक्षकाची रिकामी जागा भरावी, तालुका पंचायतीची निवडणूक कधी ते लेखी कळवावं. खाली सह्या आणि अंगठे. कचेरीत टेबलावरच्या बाईनं अर्ज आधी परत केला, कन्नडमध्ये आणा म्हणाली. अक्कानं कलमाचा आकडा सांगितला आणि पोच मागितली. पोच मिळाली. तिची झेरॉक्स गटातल्या प्रत्येकीकडं आहे, आणि पुढच्या गावच्या बायकांनी मजकूर मागितला म्हणून गेल्या आठवड्यात मी तो टाइप करून त्यांच्या मोबाइलवर पाठवला.